उसन्या चित्रांचा हिशेब

आक्षेपक : कर्वे पुतळ्यापासून कोथरूड डेपोपर्यंतच्या टापूत ज्या ज्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे फलक उभे आहेत, त्यांवरील सुखी कुटुंबे निरखून पाहिली, तर डहाणूकर कॉलनीतील तीन खोल्यांच्या सदनिकेत राहावयास येणारे गृहस्थ बहुधा गौरवर्ण, त्यांची पत्नी सोनेरी केसांची आणि त्यांची मुले कोणत्या तरी शीत कटिबंधातील हिरवळीवर बागडणारी असणार, असा समज व्हावा. हे चित्र आपल्यासारख्या एखाद्या डिझायनराने कोथरूडातच बसून परदेशी चित्रभांडारातून घेतलेले असते, आणि कोटेशनात त्याच्या नावाने एक ओळ लिहिलेली असते. त्या ओळीविषयी माझा आक्षेप आहे. कागदाला दाम दिला की कागद हाती येतो. छपाईला मजुरी दिली की छापलेला मजकूर हाती येतो. येथे मात्र ज्यावर आपली मालकी नाही, जे उद्या समोरच्या प्रतिस्पर्ध्याने घेतले तरी आपली हरकत चालत नाही, आणि ज्याचा त्या वास्तूशी अथवा तिच्यात राहणाऱ्यांशी काडीचाही संबंध नाही, अशा वस्तूचे पैसे मोजावयाचे. ही किंमत जास्त आहे अशी सर्वांची तक्रार असते. माझी तक्रार निराळी आहे : किंमत थोडी असो वा फार, ती नेमकी कशाची, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते.

समर्थक : सोनेरी केसांबद्दल मी भांडणार नाही, तो निवडणाऱ्याच्या रसिकतेचा दोष आहे, भांडाराचा नव्हे. परंतु किंमत कशाची, हे निदान मला ठाऊक आहे. ती परवान्याची आहे. सर्वसाधारण परवान्यात ते चित्र पाच लक्ष प्रतींपर्यंत छापता येते. पेला, सदरा किंवा दिनदर्शिका अशा विक्रीच्या मालावर ते घालावयाचे असेल तर वाढीव परवाना काढावा लागतो. ज्या चित्रातील व्यक्तींची लेखी संमती नाही ते केवळ वृत्तासाठी राखीव असते आणि जाहिरातीत वर्ज्य मानले जाते. एका ग्राहकासाठी घेतलेला परवाना दुसऱ्याच्या कामास सामान्यतः चालत नाही. ह्या अटी वाचावयास कंटाळवाण्या आहेत, हे खरे. पण ज्याला दस्तऐवजाची किंमत कळते त्याला त्यांचीही कळावी. मी विकत घेतो तो निर्धास्तपणा. आणि तो किती स्वस्त झाला आहे, हेही पाहा. पूर्वीच्या चित्रसंस्था खप किती, पानाचा कोणता भाग, कोणत्या प्रांतात, किती मुदत, अशी चौकशी करून एका वापरासाठी शेकडो डॉलर मागत. २००० साली कॅनडातील कॅलगरी येथे आयस्टॉकफोटो निघाले ते छायाचित्रकारांच्या आपसातील देवघेवीतून. पुढे तेथे एका डॉलरपासून चित्र मिळू लागले, आणि हा प्रकार इतका फोफावला की २००६ साली गेटी इमेजेसने पाच कोटी डॉलर देऊन ती संस्थाच विकत घेतली. एका छायाचित्रणाच्या दिवसाचा खर्च, म्हणजे दिवे, जागा, रंगभूषा, वेशभूषा, चार माणसांची मेहनत आणि तितक्याच माणसांचे जेवण, हा जेव्हा सहस्र खरेदीदारांत वाटला जातो, तेव्हाच पौड रस्त्यावरील शिकवणीवर्गाच्या चालकाला किंवा मयूर कॉलनीत केक विकणाऱ्या गृहिणीला सभ्य दर्जाचे चित्र परवडते. हे भांडार नसते तर त्यांनी छायाचित्रकार बोलावला असता, असे आपणांस वाटते काय? त्यांनी इंटरनेटवरून चित्र उचलले असते, आणि मालकाच्या पुसट मोहोरेसकट ते फ्लेक्सवर छापून चौकात टांगले असते. असे फलक आपणही पाहिले असतील.

आक्षेपक : पाहिले आहेत, आणि त्यांतील प्रामाणिकपणा मला अधिक भावला आहे, चोरी निदान उघड दिसते. पण खर्च अनेकांत वाटण्याची कल्पना परदेशातून आली, असे आपल्या बोलण्यातून ध्वनित होते, ते दुरुस्त केले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली, ती एक चित्र हजारो घरांत जावे ह्याच हेतूने. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना घातला. तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर नामक जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती दिनदर्शिकांवर आणि मालाच्या वेष्टनांवर चढून देशभर हिंडल्या. म्हणजे एकच चित्र अनेक व्यापाऱ्यांनी वापरण्याची वहिवाट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तरीही त्या लक्ष्मीचा कर्ता कोण, हे लोकांना माहीत होते. आणि मासिकांच्या जगात तर चित्र हीच मासिकाची ओळख असे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली मासिक काढले, ते स्वतःच चित्रकार होते. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ चालवली. रघुवीर मुळगावकरांचे मुखपृष्ठ दुकानाच्या दोरीवर लटकत असले, तरी दुरून ओळखू येई. त्या काळी छपाईच्या ब्लॉकचा दर चौरस इंचावर ठरे, पण तो जस्ताचा आणि कारागिरीचा दर होता. चित्राचे मोल चित्रकाराशी समोरासमोर बसून ठरवावे लागे, आणि ते देताना संपादकाचा हात आखडला तर त्याची लाजही समोरासमोरच वाटे. आज तो संबंध तुटला आहे. शटरस्टॉक ह्या मोठ्या भांडाराने जून २०२० मध्ये आपले दरपत्रक बदलले. तेव्हापासून छायाचित्रकाराचा हिस्सा शेकडा पंधरापासून चाळीसपर्यंत श्रेणीनुसार ठरतो, दर जानेवारीत श्रेणीची गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि एका उतरवणुकीस किमान दहा सेंट मिळतात. त्या वेळच्या दराने हे साडेसात रुपयांच्या आसपास झाले. आपला स्वस्त निर्धास्तपणा कोठून आला, ह्याचा उलगडा ह्या आकड्यात होतो.

समर्थक : जुन्या काळावर इतके धुपाचे वलय चढवू नका. रविवर्म्याच्या चित्रांच्या नकला परवानगीवाचून निघतच होत्या. परदेशी मासिकातले चित्र कापून त्यावरून ब्लॉक करून घेणे, किंवा ओळखीच्या छापखान्यातून तयार ब्लॉक उसना आणणे, ह्यात कोणाला संकोच वाटत नसे. दलाल-मुळगावकरांची नावे राहिली. त्यांच्याबरोबरच्या ज्या अनेकांनी साबणाच्या आणि शेवयांच्या पुड्यांवरची चित्रे काढली, त्यांची राहिली नाहीत, आणि त्यांना काय मिळाले हे कोणत्याही खर्ड्यात सापडत नाही. दहा सेंटांचा आकडा मला शोभेचा वाटतो असे नाही. पण आज कोथरूडात कॅमेरा हाती असलेला विद्यार्थी कोणाही संपादकाची मनधरणी न करता आपले चित्र जगाच्या बाजारात मांडू शकतो. २००६ साली निघालेल्या इमेजेसबझारसारख्या भारतीय भांडाराने तर आपल्याकडचे चेहरे, आपली घरे, आपले सणच विकावयास ठेवले. हलका दाम आणि खुला दरवाजा हे दोन्ही एकाच व्यवस्थेतून आले आहेत. त्यांपैकी एक ठेवून दुसरा काढून टाकण्याची तजवीज आपणांस ठाऊक असेल तर सांगा.

आक्षेपक : ठाऊक आहे, आणि ती कायद्यातच आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाचे सतरावे कलम असे सांगते, की कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि विरुद्ध करार केलेला नसला, तर त्या छायाचित्राचा प्रथम मालक काढवून घेणाराच असतो. म्हणजे आपल्या केकवाल्या बाईंनी शेजारच्या छायाचित्रकाराला एक सकाळ बोलावून आपल्याच ओट्यावर, आपल्याच हातांचे चित्र काढवून घेतले, तर ती चित्रे त्यांची. कितीही प्रती छापा, कितीही वर्षे वापरा. उलट आपला परवाना हा भाडेपट्टा आहे, आणि ज्या वाड्याचा एकच दिवाणखाना एकाच वेळी हजार कुळांना दिलेला आहे, त्या वाड्याचा तो भाडेपट्टा आहे. अमेरिकेत २००४ साली डेल आणि गेटवे ह्या दोन प्रतिस्पर्धी संगणक-कंपन्यांनी विद्यार्थ्यांना आकर्षून घेण्यासाठी एकाच तरुणीची, एकाच चित्रमालिकेतली छायाचित्रे वापरली होती, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मोठ्यांची ही गत. मग एकाच गल्लीतल्या दोन शिकवणीवर्गांच्या फलकांवर एकच चष्मेवाला गुणवंत दिसला तर नवल काय? शिवाय आपल्या खर्चाचा दुसराही भाग आहे, जो आपण कोटेशनात कधी दाखवत नाही. भांडाराची वर्गणी डॉलरात, वर अठरा टक्के वस्तू-सेवा कर; काम असो वा नसो, महिना संपला की वर्गणी वळती. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना नवे निर्बंध घातले, तेव्हा वर्गण्या अडकल्या म्हणून केवढा हलकल्लोळ झाला होता! ह्या साऱ्याचा बोजा डिझायनर आपल्या मेहनतान्यात मुरवतो, आणि मग मेहनताना पुरत नाही म्हणून ग्राहकाच्या कंजुषीला दोष देतो.

समर्थक : मुरवतो, कारण ओळ निराळी दाखवली की ग्राहक ती पहिली कापतो, छपाईच्या बिलाला हात लावण्याची त्याची छाती होत नाही, पण चित्राबद्दल मात्र ‘ते तर नेटवर फुकट असते’ असे तो हमखास म्हणतो. कायद्याकडे वळतो. त्याच अधिनियमाचे एकोणिसावे कलमही वाचा : हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानावयाची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानावयाचा, आणि पुढील एका कलमान्वये परवान्यांनाही हेच लागू होते. आपल्या शेजारच्या छायाचित्रकाराने स्वतःच्या हौसेने काढलेली जुनी चित्रे बाईंनी तोंडी बोलीवर घेतली, तर कोणाला काय मिळाले ह्याचा निवाडा करताना ह्या कलमांचा उपयोग होईल, आणि तोपर्यंत दोघांचे बोलणे बंद झालेले असेल. पण माझा मुख्य आक्षेप ह्याहून गंभीर आहे. सतरावे कलम चित्राची मालकी देते. चित्रातल्या माणसाची संमती देत नाही. बाईंच्या ओट्यावर त्यांचेच हात आहेत, म्हणून आपले उदाहरण सोपे झाले. उद्या एखाद्या सहकारी पतपेढीला भाजीवालीचे चित्र हवे असेल, आणि आपला स्थानिक छायाचित्रकार कोथरूडच्या भाजीबाजारात जाऊन एका हसतमुख मावशींचे चित्र काढून आणील, तर त्या मावशींची लेखी कबुलायत कोणाजवळ आहे? भांडार निदान ती मागते. जाहिरातीसाठी चित्र स्वीकारताना त्यातल्या ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे सहीनिशी संमतिपत्र जोडावे लागते. म्हणून मी निर्धास्त असतो.

आक्षेपक : आपण स्वतःच ह्या ठिकाणी आलात, हे बरे झाले, कारण मी जे सांगणार आहे ते महाराष्ट्रातलेच आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका ग्रामीण स्त्रीची याचिका आली. तिचे म्हणणे असे, की गावाकडच्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराने तिचे चित्र काढले, आणि तिला न विचारता ते एका अमेरिकी चित्रभांडारात ठेवले. तेथून ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाच्या, महाराष्ट्रासह चार राज्यांच्या सरकारांच्या, एका राजकीय पक्षाच्या आणि काही खाजगी मंडळींच्या जाहिरातींवर गेले. न्यायालयाने प्रकरण गंभीर मानून सर्वांना नोटिसा काढल्या. त्या जाहिराती करणाऱ्यांपैकी ज्यांनी चित्र भांडारातून रीतसर घेतले असेल, ते सर्व आपल्याइतकेच निर्धास्त असतील, असे धरून चाला. आता हिशेब मांडा. भांडाराला वर्गणी मिळाली, छायाचित्रकाराला, मिळाले असतील तर, काही सेंट, डिझायनराला मेहनताना, फ्लेक्सवाल्याला चौरस फुटाचा दर. आणि ज्या मुखावर ही सारी इमारत उभी राहिली, त्या मुखाच्या धनिणीला याचिकेचा खर्च. स्वस्त चित्राची किंमत कोणी तरी देतच असते, एवढेच मला म्हणावयाचे होते; ती कोण देते हे ह्या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

समर्थक : हे प्रकरण मला अवघड जाते, हे मी लपवत नाही; पण ते जितके भांडाराच्या अंगावर येते तितकेच आपल्या स्थानिक छायाचित्रकाराच्याही येते. याचिका खरी धरली, तर विश्वासघात करणारा परका नव्हता, गावचाच आणि ओळखीचा होता. समोरासमोर बसण्याची जी लाज आपण मघाशी गौरवली, ती येथे उपयोगी पडली नाही. तरीही आपल्या दाखल्यातून एक भेद मला अधिक स्पष्ट दिसू लागला आहे. मी निर्धास्तपणा विकत घेतो म्हणालो. परंतु परवाना ज्याला निर्धास्त करतो तो खरेदीदार आहे, चित्रातली व्यक्ती नव्हे. संमतिपत्र हा तिच्या संरक्षणाचा कागद आहे असे आपण सर्वजण धरून चालतो, पण तो लिहिलेला असतो तिने पुढे तक्रार करू नये म्हणून. समजा, त्या स्त्रीपुढे इंग्रजी कागद ठेवून, पाचशे रुपये देऊन, सही घेतली असती. मग कायद्याच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित झाले असते, चारही सरकारे निर्वेध राहिली असती, आणि ती मात्र आपला चेहरा एस. टी.च्या थांब्यावर पाहून तितकीच चकित झाली असती. तेव्हा आपणांस मी विचारतो : आपले समाधान पाचशे रुपयांनी होईल, की पाच हजारांनी? का पैशाने होणारच नाही? कारण तिसरा पर्याय असेल, तर आपला आक्षेप किमतीवर नाही. अनोळखी माणसाचे चित्र दुसऱ्याच्या मालाच्या कामी लावण्यावरच आहे, आणि मग जाहिरातकलाच गुंडाळून ठेवावी लागेल.

आक्षेपक : जाहिरातकला गुंडाळण्याइतका मी निष्ठुर नाही. माझे समाधान रकमेने होणार नाही, जवळिकीने होईल. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट हिने पुण्यात गांधीजींचे चरख्याजवळचे ते विख्यात छायाचित्र टिपले. आज पुण्याच्या प्रकाशकाला ते रीतसर हवे असले, तर अमेरिकेतल्या संग्रहाचा परवाना काढावा लागतो. दुसरा दाखला : ऑटो बेटमन हा जर्मन ग्रंथपाल नाझींच्या भीतीने पेट्या भरभरून चित्रे घेऊन न्यूयॉर्कला पळाला, त्याचा तो संग्रह १९९५ साली बिल गेट्स ह्यांच्या कॉर्बिसने घेतला आणि पुढे पेन्सिल्व्हेनियातील एका खाणीच्या थंडाव्यात नेऊन ठेवला. जपणूक उत्तमच झाली असेल. पण चित्रे ज्या ठिकाणची, त्या ठिकाणापासून ती दूर गेली की त्यांचा भाव परक्यांनी ठरवावयाचा आणि आपण फेडावयाचा. म्हणून मी असे सुचवतो, की पुण्यातल्या लहान डिझायनरांनी मिळून आपलेच एक सामायिक भांडार करावे. प्रत्येकाच्या संगणकात, जी चित्रे एका कामासाठी काढली आणि ज्यांतली चारच वापरली गेली, अशांचे ढीग पडलेले आहेत. तीच, चित्रातल्या माणसांना मराठी कागदावर विचारून, एकत्र आणावीत. वापर झाला की छायाचित्रकाराला हिस्सा, आणि चित्रातल्या माणसालाही. म्हातोबाच्या टेकडीवर पहाटे चालणारे निवृत्त गृहस्थ, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाबाहेरची मध्यंतरातली गर्दी, वनाजहून मेट्रोत चढणाऱ्या मुली. ही चित्रे परदेशी भांडारात असली तरी ती तेथे वृत्ताकरिता राखीव म्हणून पडून राहणार. आपल्याकडे त्यांची संमती घेणे हे चालत जाऊन करता येण्याजोगे काम आहे.

समर्थक : कल्पना रम्य आहे, आणि नेमके ह्याच रम्यतेने आयस्टॉकफोटोही सुरू झाले होते. अनस्प्लॅश २०१३ साली निघाले, ते चित्रे सर्वांना निःशुल्क द्यावीत म्हणून. २०२१ साली तेही गेटीने घेतले. आपले भांडार चालू ठेवावयास कोणी तरी चित्रांना नावे द्यावी लागतील, वर्गवारी करावी लागेल, संमतिपत्रे जपावी लागतील, तगादे लावावे लागतील. त्याला पगार हवा, पगाराला वर्गणी हवी, वर्गणी पुरेना की अधिक गिऱ्हाईक हवे, आणि अधिक गिऱ्हाईक हवे असेल तर चित्र असे काढावे लागेल की ते नागपुरातही चालेल आणि बेळगावातही. म्हणजे टेकडीवरचे गृहस्थ हळूहळू कोणत्याही टेकडीवरचे होतील. ज्या सर्वसामान्यपणाबद्दल आपण भांडाराला दोष देता, तो स्वस्ताईचा अपरिहार्य आकार आहे. आणि आता तर तेवढाही खर्च करावयाची गरज उरत नाही, असे सांगणारी यंत्रे आली आहेत. दोन ओळी लिहिल्या की भाजीवाली तयार, संमतीचा प्रश्नच नाही, कारण ती बाई अस्तित्वातच नाही.

आक्षेपक : ती नसेल, पण ज्या असंख्य चेहऱ्यांवरून यंत्र तिला शिकले, ते होते. गेटीने २०२३ साली अशाच एका यंत्रकर्त्या कंपनीला न्यायालयात खेचले, ते आपली चित्रे न विचारता शिक्षणास वापरली म्हणून. काहींनी परवाने काढून यंत्रे शिकवली, हेही खरे. पण त्या सर्व वादात मालक भांडतात ते मालकांशीच. मावशी तेथेही पक्षकार नाहीत. यंत्राबद्दल मला ह्याहून अधिक बोलावयाचे नाही. माझ्या सामायिक भांडारावरचा आपला आक्षेप मात्र बोचला, कारण तो खरा आहे. भांडार लहान ठेवले तर ते चालत नाही, आणि मोठे केले तर जवळीक उरत नाही. तरीही एक गोष्ट उरतेच : कोटेशनात चित्राची ओळ कोणत्या सदराखाली घालावयाची, ह्याचा निर्णय तर आपल्या हाती आहे. आपण ती सामानाखाली घालता, कागदाच्या रिमांशेजारी. मजुरीखाली घाला म्हणतो मी. सामान स्वस्त मिळाले की आनंद होतो. मजुरी स्वस्त मिळाली, तर निदान प्रश्न पडतो.

समर्थक : आणि मावशींचा हिस्सा? तो मजुरीतही बसत नाही. त्यांनी काम केले नाही, त्या केवळ हसल्या. त्याला फार तर खंड म्हणता येईल, आणि खंड वसूल करावयाचा तर प्रत्येक वापराची नोंद हवी. पाच लक्ष प्रतींचा हिशेब छापखाना देईलही; गणपतीच्या दिवसांत चौकात टांगलेल्या आणि विसर्जनाबरोबर उतरलेल्या फ्लेक्सचा कोण देणार? मंडळाची स्मरणिका तर मी दरवर्षी विनामूल्य करून देतो. तिच्यातल्या चित्रांचा खंड माझ्या खिशातून जावयाचा काय?

आक्षेपक : नोंद ठेवणारे खाते आहे की. महानगरपालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग फलकाची लांबी-रुंदी विचारतो, जागा विचारतो, मुदत विचारतो आणि चौरस फुटावर शुल्क घेतो. त्या अर्जात आणखी एक रकाना वाढवावा : फलकावर कोण आहे, आणि त्याला विचारले आहे काय.

समर्थक : रकाना वाढेल, अर्जाला महिना लागेल, आणि मंडळ फलक विनापरवाना लावील, त्या फलकावर मावशी तर असतीलच, वर नगरसेवकांचाही चेहरा असेल, आणि त्यांना मात्र कोणी विचारले नाही असे होणार नाही.